नुसती ‘नोंद घेतली’ चालत नाही

आज आपण एका परक्या मुलखातल्या कायद्याची गोष्ट ऐकणार आहोत. कायदा म्हटला की माणसं जांभया द्यायला लागतात. तुम्ही देऊ नका. या कायद्यात आपल्यासारखीच साधी माणसं आहेत. नळ आहेत, रस्ते आहेत, तुरुंग आहेत, आगीचे बंब आहेत. आणि एक प्रश्न आहे, तो तुमच्या-आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे.

प्रश्न असा : सरकारी कचेरीला तिचा दोष कुणी दाखवला, तर तिने उत्तर कसं द्यावं?

आम्ही मुख्याध्यापक होतो, तेव्हा शाळेत तपासणी व्हायची. साहेब यायचे, वर्ग पाहायचे, दप्तर पाहायचे आणि शेरेबुकात शेरे लिहून जायचे. मग त्या शेऱ्यांची पूर्तता लिहून पाठवायची. या पूर्ततेत एक शब्द फार लाडका असतो. तो शब्द म्हणजे ‘नोंद घेतली’. छप्पर गळते, नोंद घेतली. हजेरीपट अपुरा आहे, नोंद घेतली. पुढल्या वर्षी पुन्हा साहेब येतात, छप्पर गळतच असतं, आणि पुन्हा नोंद घेतली जाते. हे केवळ शाळेत होतं असं नाही. जिथे जिथे कागद आहे तिथे तिथे होतं.

आता आपण ज्या मुलखाकडे जाणार आहोत, तिथल्या कायद्याने या ‘नोंद घेतली’वरच बंदी घातली आहे. ती कशी, ते पाहू.

हे पंच कोण?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचं मोठं राज्य आहे. त्याचे 58 भाग आहेत. त्या भागाला तिथे कौंटी म्हणतात. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. पण सगळ्या कौंट्या सारख्या नाहीत. लॉस एंजेलिस कौंटीत एक कोटीच्या आसपास लोक राहतात. डोंगरातली आल्पाइन कौंटी मात्र अवघी हजार-बाराशे माणसांची.

त्या राज्याच्या घटनेत लिहिलं आहे की, दरवर्षी निदान एकदा प्रत्येक कौंटीत ग्रँड ज्यूरी बोलवावी. ग्रँड ज्यूरी म्हणजे मोठं पंचमंडळ. या पंचमंडळाला दोन कामं असतात. एक काम गुन्ह्यांचं. एखाद्यावर खटला भरण्याइतका पुरावा आहे की नाही, ते पाहायचं. दुसरं काम कारभाराचं. कौंटीची खाती, गावोगावच्या नगरपालिका, पाण्याची मंडळं, आगीची मंडळं नीट चालली आहेत की नाहीत, ते पाहायचं. या दुसऱ्या कामासाठी बसणाऱ्या मंडळाला नागरी ग्रँड ज्यूरी म्हणतात. आपण तिला नुसती ‘नागरी ज्यूरी’ म्हणू.

ज्यूरी म्हटलं की जुन्या माणसांना मुंबईचा 1959 सालचा नानावटी खटला आठवेल. पण ती ज्यूरी निराळी. आरोपी दोषी की निर्दोष, एवढंच तिने सांगायचं होतं. ग्रँड ज्यूरी ही त्याहून जुनी आणि वेगळी चीज आहे. तिचं मूळ इंग्लंडात, 1166 सालच्या राजाज्ञेत सापडतं. आपल्या मुंबईतही इंग्रजी अमलात ग्रँड ज्यूरी होती. आधी तिच्यात ख्रिस्ती लोकांनाच जागा असे. 1832 सालच्या कायद्याने ती अट गेली आणि हिंदी माणसांना तिथे बसता येऊ लागलं. 1865 साली ती आपल्याकडे बंद झाली. 1933 साली खुद्द इंग्लंडनेही ती मोडीत काढली. कॅलिफोर्नियाने मात्र ती ठेवली, आणि तिला कारभार तपासण्याचं काम दिलं.

या नागरी ज्यूरीत बहुतेक कौंट्यांमध्ये 19 माणसं असतात. चाळीस लाखांहून जास्त वस्तीच्या कौंटीत 23 असतात. अगदी लहान कौंटीत 11 सुद्धा चालतात. ही माणसं कोण? वकील हवा, पदवीधर हवा, अशी अट नाही. माणूस त्या देशाचा नागरिक असावा. वय 18 पुरं असावं. तिथे एक वर्ष राहिलेला असावा. त्याला इंग्रजी पुरेसं यावं, समज साधारण असावी, चालचलणूक चांगली असावी. जो निवडून आलेला पुढारी आहे, त्याला मात्र बसता येत नाही. ज्याचा कारभार तपासायचा त्यानेच तपासायला बसू नये, हे उघड आहे.

लोक आपणहून अर्ज करतात. न्यायाधीश त्यांच्याशी बोलतात, यादी करतात, आणि यादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. मुदत एक वर्षाची. बहुतेक ठिकाणी 1 जुलैला काम सुरू होतं आणि पुढच्या 30 जूनला संपतं. मेहनताना म्हणाल, तर कायद्यात दिवसाला 15 डॉलर आणि जाण्यायेण्याचा खर्च लिहिला आहे. एखादी कौंटी ठराव करून जास्त देते. पण पैशासाठी हे काम कुणी करत नाही.

काम चालतं कसं?

पंच शपथ घेतात. आत जे ऐकलं, जे बोललो, ते बाहेर सांगणार नाही, ही त्या शपथेतली मोठी गोष्ट. मुदत संपली तरी ते बंधन सुटत नाही. याचं कारण समजून घ्या. एखाद्या खात्यातला कारकून आपल्याच साहेबाबद्दल खरं बोलणार असेल, तर त्याला खात्री हवी की आपलं नाव फुटणार नाही. नाव फुटलं की तोंडं बंद होतात.

पंच कागद मागवतात, हिशेब पाहतात, अधिकाऱ्यांना बोलावून विचारतात. लोकांच्या तक्रारीही त्यांच्याकडे येतात. कौंटीतल्या तुरुंगांची अवस्था आणि व्यवस्था पाहणं तर त्यांना कायद्याने सक्तीचंच आहे. तिथे मंडळंही तऱ्हेतऱ्हेची आहेत. पाण्याचं मंडळ वेगळं, आग विझवण्याचं वेगळं, डास मारण्याचं वेगळं, स्मशानभूमीचं वेगळं! या बारक्या मंडळांकडे एरवी कुणाचं लक्ष जात नाही. वर्तमानपत्रवालेही तिकडे फिरकत नाहीत. नागरी ज्यूरी जाऊ शकते.

मग अहवाल लिहितात. 19 पंच असतील, तर निदान 12 जणांनी होकार द्यावा लागतो. अहवालात जे म्हटलं त्याला पुराव्याचा आधार लागतो. कुणाच्या तरी सांगण्यावरून ठोकून दिलं, असं चालत नाही. मसुद्यात चूक राहू नये, म्हणून ज्या खात्याविषयी तो आहे, त्याच्या माणसांना बोलावून पंच त्यांच्याकडून खातरजमा करून घेऊ शकतात. न्यायाधीश अहवाल पाहतात. तो लोकांपुढे येण्याआधी कामाचे दोन दिवस त्या खात्याला त्याच्यापुरता भाग मिळतो. तेवढ्या मुदतीत खात्याने तो वाचायचा, पण बाहेर फोडायचा नाही. म्हणजे चोरासारखं मागून येऊन गाठलं, असं कुणी म्हणू नये.

निष्कर्ष आणि शिफारस

अहवालात दोन गोष्टी नंबर घालून वेगवेगळ्या लिहितात. एक निष्कर्ष, दुसरी शिफारस. हा फरक नीट ध्यानात घ्या. पुढचं सगळं यावर उभं आहे.

आपण एक उदाहरण कल्पू. एका गावात पाण्याची टाकी आहे. पंचांनी कागद पाहिले. तीन वर्षांत टाकी धुतल्याची नोंद सापडली नाही. मग ते लिहितील :

निष्कर्ष 1 : टाकी तीन वर्षांत धुतल्याचा पुरावा नाही, म्हणून पाणी स्वच्छ असल्याची खात्री देता येत नाही.

शिफारस 1 : पाणी मंडळाने दर सहा महिन्यांनी टाकी धुवावी, आणि धुतल्याची तारीख फळ्यावर लावावी.

निष्कर्ष म्हणजे काय आढळलं. शिफारस म्हणजे काय करावं. वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध सांगतो. नाडी आणि औषध एकाच वाक्यात कालवलं, तर रोग्याला काहीच कळत नाही.

उत्तराची मुदत आणि उत्तराचा साचा

आता मुख्य गोष्टीला आलो. अहवाल आला, आता खात्याने काय करायचं?

कायदा सांगतो, उत्तर द्यायचं. लेखी द्यायचं. न्यायाधीशांकडे पाठवायचं. जिथे निवडून आलेलं मंडळ आहे, उदाहरणार्थ नगरपालिका किंवा कौंटीचं मंडळ, तिथे मुदत 90 दिवसांची. कौंटीचा जो अधिकारी स्वतः निवडून आला आहे, उदाहरणार्थ तिथला शेरिफ म्हणजे पोलिसांचा आणि तुरुंगाचा मुख्य, त्याला मुदत 60 दिवसांची. मंडळाला जास्त दिवस का? कारण मंडळाने सभा भरवून, लोकांसमोर चर्चा करून उत्तर मंजूर करायचं असतं. एकट्या माणसाला तितका वेळ लागत नाही.

उत्तर कसं लिहायचं, तेही कायद्यात आहे. प्रत्येक निष्कर्षाला दोनपैकी एक उत्तर : हे आम्हांला मान्य आहे, किंवा हे आम्हांला पूर्ण अथवा काही अंशी मान्य नाही. मान्य नसेल, तर कोणता भाग मान्य नाही आणि का, हे लिहायलाच हवं.

प्रत्येक शिफारशीला चारपैकी एक उत्तर.

पहिलं : हे काम झालं आहे. काय केलं, ते थोडक्यात सांगा.

दुसरं : हे काम अजून झालं नाही, पण करणार आहोत. केव्हापर्यंत, ते सांगा.

तिसरं : यावर आणखी अभ्यास हवा. कसला अभ्यास, कुणापुढे मांडणार, किती दिवसांत, ते सांगा. आणि हा अभ्यास अहवाल प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिन्यांच्या पुढे जाता कामा नये.

चौथं : हे काम आम्ही करणार नाही, कारण ते जरुरीचं नाही किंवा करण्याजोगं नाही. का नाही, ते सांगा.

पाचवं उत्तर नाही. ‘नोंद घेतली’ नाही. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ नाही. ‘विचाराधीन आहे’ नाही. ‘सूचना स्तुत्य आहे’ हेही नाही!

आपल्या टाकीच्या उदाहरणाला हे लावून पाहा. पाणी मंडळ म्हणेल, ‘टाकी मागल्या 10 तारखेला धुतली आणि फळा लावला.’ हे पहिलं उत्तर. किंवा म्हणेल, ‘येत्या मार्चअखेर धुऊ.’ हे दुसरं. किंवा म्हणेल, ‘टाकी जुनी आहे. आत माणूस उतरवला तर धोका आहे का, ते इंजिनियर पाहील आणि चार महिन्यांत सभेपुढे सांगेल.’ हे तिसरं. किंवा म्हणेल, ‘ही टाकी आम्ही वापरत नाही, नवी बांधली आहे, म्हणून धुणार नाही.’ हे चौथं.

चारही उत्तरं प्रामाणिक असू शकतात. नकार देणं म्हणजे पाप नव्हे. पंच ही साधी माणसं. त्यांचीही समजूत कधी कधी अपुरी पडते. खर्चाचा अंदाज चुकतो. काम एका खात्याचं असतं आणि शिफारस दुसऱ्याला केली जाते. एखादं काम पैशाचं किंवा नोकरभरतीचं असेल, तर ते अधिकाऱ्याच्या हातात नसतं, मंडळाच्या हातात असतं. त्यासाठी कायद्याने अशा वेळी दोघांनाही उत्तर द्यायला सांगितलं आहे. मंडळाने आपल्या अखत्यारीतल्या पैशापुरतं आणि नोकरांपुरतं बोलायचं, अधिकाऱ्याने आपल्या खात्यासंबंधीच्या सगळ्यावर बोलायचं. नाही तर काय होतं? अधिकारी म्हणतो मंडळाला विचारा, मंडळ म्हणतं अधिकाऱ्याला विचारा, आणि माणूस बिचारा दोन दारांमध्ये हेलपाटे घालतो.

उत्तरातल्या पळवाटा

पण माणूस हुशार प्राणी आहे. साचा घालून दिला, तरी साच्यातून निसटायच्या वाटा तो शोधतो. त्या आपण ओळखायला शिकलं पाहिजे.

एक पळवाट अशी की, ‘आम्ही हे आधीपासूनच करत आहोत’ असं लिहायचं. म्हणजे पहिलं उत्तर दिलं, पण काय केलं त्याचा तपशील नाही. तारीख नाही, आकडा नाही. अशा वेळी वाचणाऱ्याने विचारावं : आधीपासून करत होता, तर पंचांना ते दिसलं का नाही?

दुसरी पळवाट म्हणजे ‘काही अंशी मान्य नाही’. हा शब्द फार सोयीचा आहे. कोणता अंश? तो सांगितला तर ठीक. न सांगता लिहिला, तर ती पळवाट.

तिसरी पळवाट अभ्यासाची. अभ्यास चांगला असतो, आम्ही मास्तर माणसं अभ्यासाला नाही कशी म्हणू? पण अभ्यासाच्या नावाखाली काम झोपवता येतं. म्हणून तर कायद्याने सहा महिन्यांची हद्द घातली.

चौथी पळवाट ‘पैसे मिळाल्यास करू’. हे दुसऱ्या उत्तराच्या कपड्यातलं चौथं उत्तर आहे. दिसायला होकार, आतून नकार. पैसे केव्हा मागणार, कुणाकडे मागणार, हे लिहिलं असेल तरच तो खरा होकार.

गोड होकारापेक्षा स्वच्छ नकार बरा. नकार दिला तर त्यावर भांडता येतं. गोड होकारावर भांडताही येत नाही.

एका शहराची गोष्ट

आता प्रत्यक्षात काय होतं, ते एका शहराच्या गोष्टीतून पाहू.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को नावाचं बंदराचं शहर आहे. 18 एप्रिल 1906 रोजी तिथे मोठा भूकंप झाला. पण भूकंपापेक्षा आगीने जास्त नाश केला. जमिनीतले पाण्याचे नळ फुटले होते. बंबवाले उभे राहिले, पण नळाला पाणी नाही. तीन दिवस शहर जळत होतं. सुमारे 28 हजार इमारती गेल्या. शहराची वस्ती चार लाखांची. त्यातली निम्म्याहून जास्त माणसं उघड्यावर आली.

शहराने धडा घेतला. पिण्याच्या पाण्याहून अगदी वेगळी, फक्त आग विझवण्यासाठी, जास्त दाबाच्या जाड नळांची योजना केली. 1913 साली ती पुरी झाली. टेकडीवर 1 कोटी 5 लाख गॅलनांचा तलाव बांधला. समुद्राचं पाणी उपसणारी दोन पंपघरं उभारली. योजना उत्तम होती. पण ती त्या वेळच्या शहरापुरती होती. पुढे शहर पश्चिमेला आणि दक्षिणेला वाढलं. सनसेट, रिचमंड अशा वस्त्या भरल्या. त्यांतल्या मोठ्या भागात हे खास नळ पोचलेच नाहीत.

1989 साली पुन्हा मोठा भूकंप झाला. समुद्रालगतच्या मरीना वस्तीत आग लागली. खास नळही काही ठिकाणी फुटले आणि दाब उतरला. शेवटी आग विझवणाऱ्या बोटीने समुद्राचं पाणी उपसून, लांब नळकांडी जोडून आग आवरली. त्या दिवशी वारा नव्हता, हे शहराचं नशीब.

जुलै 2019 मध्ये तिथल्या नागरी ज्यूरीने याच विषयावर अहवाल काढला. नावच असं होतं की, त्याचा अर्थ ‘फार उशीर होण्याआधी आताच हातपाय हलवा’. पंचांनी सांगितलं : शहराच्या मोठ्या भागाला हे खास पाणी नाही. पुढचा भूकंप वाट पाहणार नाही. सगळ्या वस्त्यांसाठी आराखडा करा, आणि 2034 सालापर्यंत काम पुरं करा.

मग काय झालं? शहराच्या प्रतिनिधी मंडळाने त्याच वर्षी ठराव करून हे काम निकडीचं असल्याचं जाहीर केलं. मार्च 2020 मध्ये लोकांनी मतदान करून भूकंपापासून बचावाच्या कामांसाठी 62 कोटी 85 लाख डॉलरचं कर्जरोखे काढायला मंजुरी दिली. त्यातले 15 कोटी 35 लाख डॉलर आगीच्या पाण्यासाठी ठेवले. हे सारं पंचांमुळेच झालं असं म्हणणं बरोबर नाही. कर्जाचा विचार शहरात आधीपासून चालू होता. पण मत द्यायला निघालेल्या माणसाच्या हातात पंचांचा सोप्या भाषेतला अहवाल होता, ही गोष्ट लहान नाही.

पुढे 2021 साली पाणी खात्याने मोठा आराखडा तयार केला. त्याच्या नावातच 2050 हे साल आहे. पंच म्हणाले होते 2034. कागदावर 2050 आलं. मध्ये सोळा वर्षांचं अंतर पडलं. ज्यूरीचं बळ किती आणि ते कुठे संपतं, हे या दोन आकड्यांत दिसतं.

त्या शहरात आणखी एक चांगली रीत आहे. अहवालावर आणि उत्तरांवर प्रतिनिधींची समिती उघड बैठक घेते. ‘करणार आहोत’ म्हणून लिहून दिलेली कामं खरंच झाली का, हे शहराची हिशेब-कचेरी मागाहून तपासून सांगते. वचन दिलं की विसरून जायचं, ही सवय त्यामुळे मोडते.

दंडुका नाही, मग उपयोग काय?

तुमच्यापैकी कुणी विचारील : मास्तर, पंचांनी सांगितलं आणि खात्याने केलंच नाही, तर दंड किती?

दंड काही नाही. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. पंचांना पैसा खर्च करता येत नाही, कुणाला कामावरून काढता येत नाही. अधिकारी जाणूनबुजून भ्रष्टपणे वागला असेल, तर त्याला पदावरून दूर करण्यासाठी आरोप ठेवण्याचा वेगळा मार्ग त्यांना आहे, पण तो क्वचित वापरतात. एरवी त्यांच्या हातात फक्त कागद असतो.

आणि पंचांचं वर्षही संपतं. उत्तरं येण्याच्या सुमारास ते आपापल्या घरी गेलेले असतात. नवे पंच नव्या कामाला लागतात. नव्यांनी जुन्यांच्या अहवालाचा पाठपुरावा केला, तर साखळी राहते. नाही केला, तर तुटते.

मग उपयोग काय? उपयोग हा की, उत्तर कागदावर येतं आणि कागद लोकांचा होतो. उत्तराची प्रत त्या कचेरीच्या दप्तरात ठेवायची असते, कौंटीच्या दप्तरातही ठेवायची असते. कुणीही नागरिक जाऊन म्हणू शकतो, ‘तुम्ही अमुक तारखेला लिहिलं होतं की मार्चअखेर करू. मार्च गेला.’ तोंडी वचनाला वाऱ्याचे पाय असतात. लिहिलेलं वचन जागचं हलत नाही.

पण यासाठी एक गोष्ट लागते. वाचणारा माणूस लागतो. वाचणारा नसेल, तर उत्तम अहवाल आणि उत्तम उत्तर दोन्ही वाळवीसाठी!

आपल्या गावात काय?

आपल्याकडे नागरी ज्यूरी नाही. ती असावी, असं आमचं सांगणं नाही. प्रत्येक मुलखाची रीत वेगळी. पण दोष दाखवणं आणि त्याला उत्तर देणं, हे आपल्याही कायद्यात आहे.

आपला ग्रामपंचायतीचा कायदा 1958 सालचा. त्याच्या आठव्या कलमात ग्रामसभेविषयी सांगितलं आहे. वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे पंचायतीने हिशेब ठेवायचा, मागल्या वर्षाच्या कारभाराचा अहवाल ठेवायचा, पुढल्या कामांचा बेत ठेवायचा. आणि आणखी एक गोष्ट ठेवायची : हिशेब तपासणाऱ्याने काढलेली शेवटची टिपणी आणि तिला दिलेली उत्तरं.

पाहा, ‘आणि तिला दिलेली उत्तरं’ हे चार शब्द कायद्यात आहेत. तुमच्यापैकी किती जणांनी ती उत्तरं ऐकली आहेत? ग्रामसभेत आपण घरकुलाच्या यादीत आपलं नाव आहे का ते ऐकतो आणि उठून जातो. हिशेबतपासनीसाने काय दोष काढला आणि पंचायतीने काय उत्तर दिलं, ते वाचा असं म्हणणारा माणूस सभेत क्वचित असतो. तो माणूस तुम्ही व्हा.

त्यासाठी भांडण नको, आवाज चढवायला नको. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी आपलेच आहेत. अदबीने उभं राहावं आणि म्हणावं, ‘दादा, मागल्या टिपणीतला पहिला मुद्दा आणि त्याचं उत्तर वाचून दाखवा.’ मग त्या उत्तराला तीन प्रश्न लावावेत. काम झालं का? नसेल झालं, तर केव्हा होणार? करणार नसाल, तर का नाही? कॅलिफोर्नियाच्या कायद्याचं सगळं सार या तीन प्रश्नांत आहे. त्यांना वकील लागत नाही. फक्त आपल्याला वाचता यावं, आकडा कळावा आणि तारीख लक्षात राहावी.

एक गोष्ट मात्र सांभाळा. जो प्रामाणिकपणे ‘हे काम आमच्याने होणार नाही, कारण हे’ असं सांगतो, त्याच्यावर तुटून पडू नका. त्याचं कारण ऐका, तपासा. नाही तर पुढल्या वेळी तोही ‘नोंद घेतली’ म्हणायला शिकेल, आणि दोष आपल्याकडे येईल.

बंधुभगिनींनो, तुम्ही या वर्गात येता, सही करायला शिकता, याचा आम्हांला आनंद आहे. पण साक्षरता सहीपाशी थांबत नाही. दुसऱ्याने सही करून काय लिहून दिलं आहे ते वाचणं, आणि त्याने लिहिल्याप्रमाणे केलं की नाही ते पाहणं, ही तिची पुढची इयत्ता आहे. त्या इयत्तेत आपण सगळे मिळून बसू.

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

1. निष्कर्ष आणि शिफारस यांत फरक काय? गावातलं एक उदाहरण घेऊन सांगा.
2. शिफारशीला कोणती चार उत्तरं देता येतात?
3. ‘पैसे मिळाल्यास करू’ हे उत्तर पुरं का नाही?
4. आपल्या पंचायतीच्या शेवटच्या हिशेब-टिपणीत कोणते मुद्दे आहेत? पुढल्या ग्रामसभेत विचारून या आणि वर्गात सांगा.